गृहपाठास फोन कां लागावा ?

दरवर्षीं पालकांच्या सभेंत एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो. मुलगा गणितांत कच्चा कां, त्याचें इंग्रजी सुधारावें कसें, हे प्रश्न आतां मागें पडले. आतांचा प्रश्न असा कीं, "सर, मुलाला फोन घेऊन द्यावा कीं न द्यावा ?" कोणी चिंतेनें विचारतात, कोणी रागानें विचारतात, आणि पुष्कळांच्या स्वरांत संकोच असतो, कारण द्यावा असें उत्तर आलें तर तो आणावा कोठून, हा पुढचा प्रश्न त्यांच्या मनांत आधींच उभा असतो.

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनीं एक गोष्ट तपासून पाहणें अवश्य आहे. मुलास फोन लागतो तो कशासाठीं ? खेळासाठीं किंवा गाण्यांसाठीं लागत असेल तर तो घरचा प्रश्न झाला, व त्यांत फार बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु गृहपाठासाठीं लागत असेल, तर ती गरज शाळेनें निर्माण केलेली आहे, आणि शाळेनेंच ती दूर केली पाहिजे. गृहपाठ हा पुस्तक, वही व लेखणी एवढ्यावर पुरा होईल असा असावा. नवीं साधनें शाळेंत, वर्गांत, शिक्षकाच्या हातून वापरलीं जावीं. असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही चाल पडली कशी, हें सर्वांच्या आठवणींतलें आहे. सन २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि जूनांत नवें वर्ष उजाडलें तें दारांवरील कुलुपें तशींच ठेवून. जुलै महिन्यांत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ज्या शिक्षकांनीं उभ्या जन्मांत फळ्यावांचून धडा शिकविला नव्हता, ते घरच्या भिंतीपुढें फोन उभा करून त्यापुढें बोलूं लागले. त्या काळीं फोनानें जें काम केलें त्यास नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. पुरांत सांपडलेला मनुष्य हातीं येईल ती फांदी धरतो. मात्र पूर ओसरल्यावरही ती फांदी खांद्यावर घेऊन फिरणें शहाणपणाचें नव्हे, आणि आज पुष्कळ ठिकाणीं तेंच चाललें आहे. शाळा केव्हांच उघडल्या. गृहपाठ मात्र अजून सायंकाळीं व्हॉट्सॲपवर येतो.

कोणी म्हणेल, आतां फोन कोणाच्या घरीं नाहीं ? ह्या बाबतींत 'प्रथम' ह्या संस्थेच्या 'असर' नांवाच्या पाहणीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. ग्रामीण भारतांत शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं सन २०१८ मध्यें ३६.५ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०२१ मध्यें हेंच प्रमाण ६७.६ टक्के झालें. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट ! परंतु त्याच पाहणींत असेंही दिसून आलें कीं, ज्यांच्या घरीं फोन होता अशा मुलांपैकीं २६.१ टक्के मुलांच्या हातीं तो येतच नव्हता. घरांत फोन असणें आणि मुलाच्या हातीं फोन येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व गृहपाठ धाडणाऱ्याच्या लक्षांत हा फरक राहत नाहीं. पुढें २०२४ च्या पाहणींत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन चालवितां येत होता. मागील आठवड्यांत अभ्यासाच्या कांहीं कामासाठीं तो वापरला असें ह्या वयाच्या ५७ टक्के मुलांनीं सांगितलें. समाजमाध्यमांसाठीं वापरला असें ७६ टक्के मुलांनीं सांगितलें. अभ्यासाच्या निमित्तानें दार उघडलें म्हणजे आंत कोण कोण शिरतें, हें ह्यावरून दिसतें.

आतां एक घर डोळ्यांपुढें आणा. असलीं घरें प्रत्येक शाळेच्या पटावर आहेत. बाप रिक्षा चालवितो. फोन त्याच्या धंद्याचा म्हणून दिवसभर त्याच्या खिशांत. आई चार घरचीं कामें करून दिवेलागणीस परतते. मुलगी नववींत, मुलगा सहावींत. सातच्या सुमारास गृहपाठाचा निरोप येतो तो बापाच्या खिशांत येऊन पडतो. फोन घरीं येतो साडेनऊला, तोही चार्जिंग संपत आलेला. आणि अठ्ठावीस दिवसांचें रिचार्ज नेमकें त्या दिवशीं संपलें नसलें म्हणजे मिळविली. थोरली आधीं घेते, कारण तिचा अभ्यास मोठा. तिचें होईपर्यंत धाकटा निजलेला असतो. दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारणा होते, "गृहपाठ कां केला नाहींस ?" आणि तो मुलगा काय उत्तर देतो ? "घरीं फोन नव्हता" असें तो चाळीस मुलांसमोर कधींही म्हणत नाहीं. तो म्हणतो, "विसरलों, सर." शिक्षक त्याच्या नांवापुढें निष्काळजीपणाची खूण करतात. अशा कांहीं खुणा जमल्या म्हणजे तो मुलगा स्वतःस निष्काळजीच समजूं लागतो. ह्या लेखाचें सारें कारण हा एक शब्द आहे, "विसरलों."

गरीब घरांचें हें झालें. सुखवस्तु घरांतही स्थिति फारशी बरी नाहीं. फोन मुद्दाम घेऊन दिलेला असतो, मुलगा खोलींत एकटा असतो, दार लोटलेलें असतें, आणि आंत अभ्यास चालला आहे कीं दुसरें कांहीं, हें विचारावयाची आईबापांस सोय उरत नाहीं, कारण 'शाळेचें काम' हें उत्तर तयार असतें. तें उत्तर शाळेनेंच त्याच्या तोंडीं दिलें आहे. 'प्रकल्प' म्हणून इंटरनेटवरील चित्रें छापून चिकटविण्याची जी चाल पडली आहे तिच्याविषयीं एकच वाक्य लिहितों : दोन-तीन रंगीत पानांच्या पैशांत एक वही येते, आणि तीं पानें चिकटवून मुलास डिंक लावण्यापलीकडे कांहीं येत नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगाव ह्या गांवानें सन २०२२ मध्यें काय केलें तें वर्तमानपत्रांतून पुष्कळांनीं वाचलें असेल. तेथें रोज सायंकाळीं सात वाजतां मंदिरावरील भोंगा वाजतो. त्यासरशीं घरोघरचे दूरचित्रवाणी संच व फोन दीड तास बंद ठेवावयाचे, मुलांनीं अभ्यास करावयाचा व मोठ्यांनीं बोलावें, वाचावें, असा गांवकऱ्यांनीं ठराव केला. सक्तीचा कायदा नाहीं, दंडही नाहीं. गांवानें आपखुषीनें घातलेला नेम आहे. आम्हांस ह्या गोष्टीचें मोठें कौतुक वाटतें. पण असा नेम दुसऱ्या एखाद्या गांवीं सुरू केला, आणि तेथील शाळेचा गृहपाठ बरोबर सात वाजतां फोनावरच आला, तर त्या भोंग्याचा उपयोग काय ? आईबापांनीं फोन बंद करावा कीं मुलाचा अभ्यास बंद करावा ? शाळा व घर हे एकाच गाडीचे बैल असतां एकानें पूर्वेस व दुसऱ्यानें पश्चिमेस ओढावें तसें हें होईल.

ह्यावरून आम्ही नव्या साधनांचे वैरी आहों असा समज कोणी करून घेऊं नये. उलट, त्यांचें खरें सामर्थ्य वर्गांत आहे, असें आम्ही म्हणतों, व त्याचीं थोडीं उदाहरणें देतों.

अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो, हा सिद्धांत घ्या. फळ्यावर आकृति एकच काढतां येते, आणि कित्येक मुलांची समजूत अशी होते कीं सिद्धांत त्या एका आकृतीपुरताच खरा. आतां 'जिओजेब्रा' नांवाचें एक मोफत साधन आहे. मार्कुस होहेनवार्टर ह्या ऑस्ट्रियन गृहस्थानें साल्झबर्ग येथें विद्यार्थिदशेंत सन २००१ मध्यें त्याचा आरंभ केला. त्यांत वर्तुळावरील बिंदु बोटानें धरून हवा तसा सरकवितां येतो. त्रिकोण लांबतो, आंखडतो, एका बाजूस कलंडतो. कोनाचा आंकडा मात्र ९० वरून हलत नाहीं. पडद्यावर हें चाललें असतां सगळा वर्ग श्वास रोखून त्या आंकड्याकडे पाहत असतो, आणि बिंदु व्यासाच्या अगदीं टोंकाशीं नेला म्हणजे मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडतेंच, "आतां बदलेल !" बदलत नाहीं. मग "कां बदलत नाहीं ?" हा प्रश्न मुलेंच विचारतात, व सिद्धता ऐकावयास कान तयार होतात. ह्या सर्वांस लागलें काय ? एक संगणक, एक पडदा, व कोणत्या क्षणीं थांबावें हें जाणणारा शिक्षक. चाळीस घरीं चाळीस फोन लागले नाहींत. लागले असते तर तो "आतां बदलेल !" कोणी ऐकला नसता.

विजेच्या धड्याचेंही तसेंच. कोलोरॅडो विद्यापीठांत कार्ल वीमन ह्या नोबेल पारितोषिक मिळालेल्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें २००२ मध्यें 'फेट' नांवाचा एक उपक्रम सुरू केला. त्यांत तार, घट, दिवा हीं पडद्यावर जोडून पाहतां येतात, व त्यांतील पुष्कळ प्रयोग मराठींतही आहेत. जोडणी चुकली तर पडद्यावर आग दिसते, शाळेच्या मेजावर नव्हे. तरी आमचा आग्रह असा कीं, पडद्यावर पाहून झाल्यावर मुलांच्या हातीं खरा घट व खरी तार द्यावी. सैल तारेनें दिवा लुकलुकतो, तो कां, हें हातास कळावें लागतें.

पुण्यांतील अरविंद गुप्ता ह्यांचें काम तर ह्या दृष्टीनें आदर्श म्हणावें असें आहे. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, टाकून दिलेल्या बाटल्या, ह्यांपासून विज्ञानाचीं खेळणीं कशीं करावीं हें त्यांनीं शेंकडों छोट्या चित्रफितींत दाखविलें आहे, व मराठी पुस्तकेंही आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेविलीं आहेत. सन २०१८ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. शिक्षकानें आदल्या रात्रीं चित्रफीत पाहावी, सकाळीं काड्या व नळीचे तुकडे घेऊन वर्गांत जावें. मुलांस फोन दिसलाही नाहीं तरी चालतें. फोनाचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस डिसेंबर २०२० मध्यें दहा लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, व त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं इतर नऊ स्पर्धकांस वांटून दिली, हें सर्वश्रुत आहे. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागें कविता, धडे व ध्वनिफिती ठेवण्याची त्यांची कल्पना पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ती कल्पना उत्तम आहे. पण तो चौकोन वर्गांत शिक्षकानें उघडला तर सर्वांस सारखा उघडतो; आणि "घरीं उघडून पाहा व उत्तरें लिहा" असें सांगितलें कीं तो कांहींस उघडतो व कांहींस भिंत होतो. पुस्तक तेंच, चौकोन तोच.

मराठीच्या शिक्षकास तर हे दिवस सुगीचे आहेत. आम्ही शिकत होतों तेव्हां मोल्सवर्थचा कोश कांचेच्या कपाटांत असे, व किल्ली ग्रंथपालाजवळ असे. १८५७ सालची त्या कोशाची दुसरी आवृत्ति शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर सर्वांस खुली केली आहे. कवितेंत 'मोट' आली, 'नाडा' आला, आणि नळाचें पाणी पिणाऱ्या मुलांनीं तोंडें वर केलीं, कीं तो शब्द तेथल्या तेथें पाहतां येतो. वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंडही तसेच विनामूल्य वाचतां येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखालीं त्याचें काम उभें राहिलें. केंद्र सरकारचें 'दीक्षा' हें साधन २०१७ पासून आहे. शिक्षकानें ह्या सर्व ठिकाणीं आधीं स्वतः फिरून यावें, काय घ्यावें व काय सोडावें हें ठरवावें, व मग वर्गांत जावें. हें काम मुलाच्या गळ्यांत घालणें म्हणजे ग्रंथालयाची किल्ली देऊन दिवा न देण्यासारखें आहे.

आणखी एक कारण २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यापासून उभें राहिलें आहे. त्या महिन्यांत 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आलें, व त्यामागून तशीं इतर साधनें आलीं. विषय सांगितला कीं निबंध तयार. मराठी निबंधही मिळतो, आणि व्याकरणाची चूक कमी पण अनुभवाचा लवलेश नाहीं, असा मिळतो. 'पावसाळ्यांतील एक दिवस' ह्या विषयावर एका वर्गाच्या वह्या पाहिल्या तर पाऊस सगळ्यांकडे सारखाच पडतो. कोणाचें छप्पर गळत नाहीं, कोणाची चप्पल चिखलांत रुतत नाहीं. शिवाय हें यंत्र प्रसंगीं नसलेल्या पुस्तकाचें नांवही ठामपणें सांगतें. शिक्षकास प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा करण्यास त्याचें साह्य झालें तर हरकत नाहीं, मात्र प्रत्येक ओळ तपासून घ्यावी. मुलांचा निबंध आतां वर्गांतच, शिक्षकासमोर, शाईनें लिहून घ्यावा हें बरें. घरीं फोनावर लिहून आणलेल्या निबंधावर लाल शाई खर्च करणें म्हणजे यंत्राची वही तपासणें होय. त्यासाठीं शाळेनें आम्हांस नेमलेलें नाहीं.

ह्यावर आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. जग पुढें चाललें असतां मुलें मागें पडतील, हा पहिला. मुलांस इंटरनेट वापरतां आलें पाहिजे हें आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तें शिकविलें पाहिजे. घरीं सोडून दिल्यानें तें येत नाहीं. माहिती कोणी लिहिली, केव्हां लिहिली, तीच गोष्ट दुसरीकडे सांपडते कीं नाहीं, हें पाहण्याची संवय संगणकाच्या खोलींत शेजारीं बसून लावावी लागते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे व तो कोणासही दुरुस्त करतां येतो. तेव्हां त्यांतील आपल्या तालुक्याविषयींचें एक पान उघडून त्यांत बरोबर काय व चूक काय हें मुलांकडून शोधवून घेतलें, तर एका तासांत जें शिक्षण होईल तें वर्षभराच्या फोनाच्या गृहपाठानें होणार नाहीं.

दुसरा आक्षेप सोयीचा. सुटी, सभा, फी, ह्यांच्या सूचना फोनावर धाडाव्यात. त्यांबद्दल आमचें कांहीं म्हणणें नाहीं. मुलगा आजारी असला तर त्याचा धडा फोनावर धाडणें हा दयाधर्मच आहे. आणि डोळ्यांनीं अधू असलेल्या विद्यार्थ्यास वाचून दाखविणारा फोन हवाच. ती त्याची पाटी आहे, ती काढून घेण्याची भाषा कोणी करूं नये. शब्बाथाचा नेम व मनुष्य ह्यांपैकीं कोण कोणासाठीं, हें ज्यांनीं उपासनेंत ऐकलें आहे, त्यांस ह्या अपवादांत विसंगति दिसणार नाहीं.

मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत १८१७ सालीं मराठी छपाई सुरू झाली, तेव्हां तेंही एक नवेंच साधन होतें. पण छापलेलें पुस्तक एकानें वाचून दुसऱ्यास दिलें, फाटेपर्यंत गल्लींत फिरलें, तरी त्यास रिचार्ज लागलें नाहीं. नव्या साधनांतही हा गुण थोडा फार आणतां येतो. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफच्या रूपानें विनामूल्य मिळतात. चित्रफिती, कोशाचीं पानें, नकाशे, हें सारें शाळेच्या संगणकावर एकदां उतरवून ठेविलें म्हणजे पुढें इंटरनेट नसलें तरी अडत नाहीं.

आमच्या वर्गांत गृहपाठ शेवटची घंटा होण्यापूर्वीं दहा मिनिटें फळ्यावर लिहिला जातो, व मुलें तो वहींत उतरवून घेतात. तो आजीस विचारून, अंगण मोजून, पुस्तक वाचून किंवा पाढे म्हणून पुरा होईल असा असतो. तेव्हां पालकहो, "शाळेच्या कामासाठीं फोन पाहिजे" असें आपल्या मुलानें सांगितलें, तर आधीं त्याची वही उघडून पाहावी. वहींत तसें लिहिलेलें असल्यास ती वही घेऊन शाळेंत यावें; मधल्या सुटींत आम्ही शिक्षकांच्या खोलींत असतों.